सहानंतर

खोली तिनं पाहिली ती दारातूनच.
स्वयंपाकघराच्या मागे, सिमेंटचा कट्टा, एक नळ,
खिडकी एवढीशी, की तिच्यातून
आमचाच गॅसचा सिलिंडर दिसतो.
किलेलेश्वातल्या बहुतेक घरांमागे असते अशी,
नकाशातच काढलेली.
मी म्हटलं, भाडं नाही, वीज आमची,
गादी नवी आणू.
ती म्हणाली, गादी चांगलीच असेल.

वरच्या मजल्यावरची इंग्रिड सांगून गेली होती,
राहतीच ठेव, स्वस्त पडते,
रात्री पोर किंचाळलं तर निदान कुणीतरी.
मी वही उघडून बसले होते,
प्रश्न आकडे घालून लिहिलेले:
ताप चढला तर काय कराल, आधीचं काम का सोडलं.
तिनं सगळ्यांची उत्तरं दिली, घाई न करता,
मग पर्स मांडीवर सरळ ठेवून विचारलं,
रात्री कोण उठतं?
मी.
नवरा?
तो तुर्कानाकडे, विहिरी खणतो,
महिन्यातले चार दिवस इथं.
म्हणजे सकाळी तुम्ही चिडलेल्या असाल,
ती म्हणाली, नोंद करून घेतल्यासारखी.

सात ते सहा. शनिवारी एकपर्यंत.
उशीर झाला तर बोडाबोडाचे पैसे वेगळे.
आणि जेवण बसून.
हे 'बसून' तिनं दोनदा सांगितलं.

मुएनी. म्हणजे पाहुणी.
जन्मली तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून.
मी हसले, म्हटलं, पाहुणी तर मी आहे इथं,
दोन वर्षांच्या कागदावर.
ती हसली नाही.
हो, म्हणाली.

खोलीचं कारण कळलं ते पार मे महिन्यात, मटार सोलताना.
तिची आई अशाच एका खोलीत अकरा वर्षं,
कारेनमध्ये, घोडे असलेल्या घरी.
महिन्याच्या शेवटच्या रविवारी माचाकोसला यायची,
पाव आणायची, आणि झोपायची.
आम्ही भोवती बसून तिला झोपलेली बघायचो,
धाकट्याला वाटायचं
आई म्हणजे झोपणारी बाई.
एवढं बोलून तिनं सालांची परात उचलली.
मी काय बोलणार.
मी म्हटलं, दाणे गोड निघाले.

ऑगस्टात मटाटूंचा संप.
सहा वाजता रस्ताभर नुसती चालणारी माणसं.
मी म्हटलं, आजची रात्र राहा.
बारासानं फाटक अर्धंच उघडलं, तोही म्हणाला, राहा.
तिनं कामाच्या चपला पिशवीत टाकल्या, बूट चढवले,
कांगेमी काय चंद्रावर आहे, म्हणाली.
दीड तासानं मेसेज:
पोचले. भात खाली लागलाय. मुलगा रागावलाय.
त्यात तक्रार शोधली मी, दोनतीनदा वाचून.
नव्हती.

यागोदा आता दीड वर्षाची.
पोलिशमध्ये तिला दूध येतं, मांजर, आजी.
स्वाहिलीत पाणी, केळं, आणि बाडो.
बाडो म्हणजे अजून नाही.
बाडो ती आंघोळीला म्हणते, टोपीला, झोपेला,
संध्याकाळी फाटकाचे गज धरून
मुएनीच्या पाठीला म्हणते.
पाठ वळत नाही.
हात तेवढा वर होतो, पिशवीसकट.

मागच्या खोलीत आता आमच्या रिकाम्या बॅगा,
आणि खिळ्याला तिचा निळा एप्रन,
सहानंतर नुसतं कापड.
रात्री तीनला पोर उठतं.
मी तिला कडेवर घेऊन ओट्यापासून मागच्या दारापर्यंत जाते,
कडीला हात लावते,
परत येते.
तिकडे नळ टपकतोय, वॉशर बदलायला हवा.
सकाळी मी चिडलेली असेन.
तिला ते ठाऊकच आहे.